ऐश

फहाहीलमधली सातव्या मजल्यावरची गच्ची.
पाण्याच्या तीन टाक्या, डिश अँटेनांचं गंजकं पीक,
आणि दक्षिणेला, रस्त्याच्या टोकाशी,
आमच्या रिफायनरीची ज्योत.
रात्रभर जळते, कुणी वात सारत नाही तरी.

इथून आकाश काळं नसतंच,
चहात दूध जास्त झाल्यासारखं दिसतं.
साध्या डोळ्याला व्याध, आर्द्रा, मृगाचे सहा-सात तारे
आणि उतरणाऱ्या विमानांचे दिवे.
म्हणून काचेचा हा तुकडा,
दोन इंची, दीड महिन्याचा ओव्हरटाइम,
बोटाचा ठसा उमटला तर जीव जाईल असा.
तीन नॅनोमीटरची फट ठेवतो
आणि बाकी सगळ्यांना नाही म्हणतो:
सोडियमचे खांब, मॉलची निळी पाटी,
चंद्र,
ती ज्योतसुद्धा.
हायड्रोजनचा एक लाल तेवढा आत घेतो.

दिवसा मी हायड्रोजन युनिटवरच असतो.
छातीवर पिवळी डबी, गंधकाचा वायू हुंगणारी.
ती किंचाळली की वाऱ्याला आडवं पळायचं.
तिथं हायड्रोजन म्हणजे वहीतला दाब,
खाली सही,
आणि पुढच्या पाळीवाल्याच्या हवाली.
रात्री तोच येतो
आर्द्रेच्या डावीकडून, जिथे डोळ्याला काहीच नाही,
पाच हजार वर्षांपूर्वी निघालेला.
सही कुणाची घ्यायची?

इमारतीचा राखणदार शाबान
पहिल्या रात्री काठी घेऊन वर आला.
फय्यूमचा, गुडघे गेलेले, त्यात लिफ्ट बंद.
"बाशमुहंदिस," (मी नुसता टेक्निशियन)
"नळी कुठं रोखलीस? प्लांटकडे?
नोकरी माझी जाईल."
नळी हलवली असती तर रात्र गेली असती.
मी लॅपटॉप वळवला.
दहा मिनिटांची एकच फ्रेम, करड्या रंगाची,
त्यात एक गोल धुरकट काहीतरी, मधोमध भोक.
तो वाकला. चष्मा पुसला.
म्हणाला, "ऐश."
त्यांच्याकडे भाकरीला ऐश म्हणतात.
आमच्याकडे ऐश कशाला म्हणतात
ते मी त्याला सांगितलं नाही.

जानेवारीत तीन रात्री मिळाल्या, फेब्रुवारीत पाच.
बाकीच्या धुळीनं खाल्ल्या, पाळीनं खाल्ल्या.
भिंगावर दव धरलं की शाबान
तिसऱ्या मजल्यावरच्या मादामचा हेअर ड्रायर आणायचा,
तिला न विचारता.

झाकण लावूनही फोटो काढायचे असतात.
तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत.
कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळावेत,
आणि नंतर वजा करता यावेत.
हे माझ्या मोडक्या अरबीत सांगताना घाम फुटला.
"झाकण लावून?"
हो.
"मग फोटो कशाचा?"
कशाचाच नाही.
तो बराच वेळ हसला.
मग म्हणाला, "असे माझ्याकडे एकवीस वर्षांचे आहेत."

रंग मी ठरवले.
गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, प्राणवायूला निळा.
खरं तर पहिले दोघेही लालच,
इतके शेजारी शेजारी की डोळ्याला वेगळे कळू नयेत.
मेहुण्याला पाठवला, चिपळूणला.
लगेच उत्तर: "भाऊजी, हा खरा रंग?"
नाही, लिहिलं.
"म्हणजे खोटा?"
पगार विचारल्यावर थांबतो
तसा थांबलो, आणि फोन उलटा ठेवला.

शाबानला मी रंगीत छापून दिला होता,
चकचकीत कागदावर.
त्यानं तो मुलीला धाडला असेल, किंवा नसेल.
त्याला हवा होता पहिल्या रात्रीचा,
उपग्रहाची रेघ आरपार गेलेला,
मी टाकून दिलेला.

आता तो त्याच्या खोलीत आहे,
लिफ्टच्या मीटरशेजारी, सेलोटेपनं चिकटवलेला,
एक कोपरा सुटलेला.
भाडं भरायला येणाऱ्यांना
शाबान काठीनं दाखवतो:
"ही आमच्या गच्चीवर भाजलेली."