गंगावन

मंडईच्या रात्री, ऐन गिरकीत
पुसारामचं गंगावन सुटून पडलं
बत्तीखाली, सगळ्या गावासमोर.

हसू फुटायच्या आत
दुधराम वाकला, शेपटी धरून उचललं,
"का वो बाई, मांजर कशानं मेली तुमची?"

केस आहेत बे ते, असं म्हणता आलं असतं.
पुसाराम मटकन खालीच बसला
अन् मांजरीच्या नावानं रडू लागला,
तसा झिटूनं ढोलकीचा ठेका मौतीचा केला
आणि माझ्या तुणतुण्यातून, मलाही न विचारता,
बारीक म्याव निघालं.

पाऊण तास चालली ती मांजर.
जिती झाली, लगीन लागलं तिचं,
सरपंचाघरचं दूध प्याली.
(सरपंच पुढेच बसले होते,
त्यांनी मिशी पुसली.)

ठरलेली गंमत राहूनच गेली.

दसऱ्यापासून या दोघांत बोलणं नाही,
एका बकरीवरून.
पहाटे धानाच्या बांध्यांतून परतलो
तेव्हाही नव्हतं.
पुसाराम पुढे, लुगडं खांद्यावर,
दुधराम दहा पावलं मागे,
टॉर्च मात्र
पुसारामच्या पायापुढे धरलेला.