मूळ नोंद

मिहानात बाहेर सेहेचाळीस, आत अठरा.
स्वेटर घालून मी एकेका सर्व्हरवर
राखणदार बसवतेय.
आज जे जसं आहे ते मूळ धरायचं,
उद्या एक आकडा जरी हलला
तरी बोंब मारायची, एवढंच त्याचं काम.

अकराव्या डेटाबेसपाशी अडले.
मेमरीची मर्यादा कुणीतरी हातानं वाढवलेली,
फाइलीत वर एक ओळ:
मार्चले पुरत नाही बाप्पा, हात नोका लावू. चहांदे.

चहांदे सर जाऊन दोन उन्हाळे झाले.
तक्त्यात त्यांचा आकडा बसत नाही.
स्क्रीन विचारते: दुरुस्त करू?

नाही.
हेच मूळ.

दुपट्टा बांधून पार्किंगात आले.
गाडीची सीट
हात लावू देईना.