फक्त कट आले

ओशिवऱ्याला, फर्निचरच्या गोदामांमागे, दुसऱ्या मजल्यावर,
एसी सोळावर, खिडकीला काळा कागद.
किरीटभाई दारातूनच म्हणाले,
मॅडम, सोमवारपासून सगळे नव्यावर.
जुन्याचं लायसन परवडत नाही.
आणि चहा सांगून गेले.

तेवीस वर्षं.
जे मागे, के थांब, एल पुढे.
तिन्ही अक्षरं कधीच पुसली गेलीत,
काळ्या प्लास्टिकवर नुसते तीन चकचकीत खळगे,
पायरी झिजते तसे.

चेहऱ्याकडे बघ, बोटांकडे नको,
हे आग्नेल सरांनी शिकवलं, ताडदेवच्या लॅबमध्ये.
ते फिल्म कापायचे, टेपचं टोक दातांत,
नको असलेले शॉट गळ्यात, उपरण्यासारखे.
त्यांना मी पहिल्यांदा मशीन दाखवलं
तेव्हा अर्धा तास खुर्चीत नुसते बसून राहिले.
मग म्हणाले, वास कुठाय याला?
मी हसले होते.
बावीस वर्षांची होते, हसले.

आता हसायची पाळी अलिफियाची.
ती हसत नाही, भली पोर.
माझं बोट कापायला जातं आणि भलतंच पुसतं,
थांबायला जातं आणि अख्खी टाइमलाइन
डावीकडे घसरते,
ती हळूच मागे येऊन अनडू दाबते,
जसं कुणी आपल्या साडीचा पदर चाकातून सोडवावा,
न बोलता.

तिसऱ्या दिवशी म्हणाली,
ताई, सेटिंगमध्ये जुना कीबोर्ड मिळतो.
नवं मशीन, पण बटणं तुमचीच.
मला ताटातले तांदूळ आठवले,
अंगठीने त्यात कोरलेलं एक नाव,
जे मी आठ महिने बँकेत सही करताना विसरत होते,
आणि क्लार्क फॉर्म परत सरकवायचा.
म्हटलं, दे लावून.
लाज कसली?

मग माझी फिल्म आणायची होती.
मालिकांच्या मधल्या रात्री सहा वर्षं कापलेली,
नायगावच्या कबड्डी खेळणाऱ्या बायका,
ऐंशी मिनिटं, गिऱ्हाईक नाही.
रात्री पाठवली या घरातून त्या घरात.
सकाळी आली.

फक्त कट आले.
डिझॉल्व्ह वाटेत राहिले, रंग राहिले,
आवाजाचे सगळे चढउतार एका पातळीत,
सरकारी निवेदन वाचल्यासारखे.
एका ठिकाणी लाल पाटी, मीडिया ऑफलाइन,
त्याखाली शेवंता तोडणकर गुडघ्याला पट्टी बांधत होती
हे फक्त मला माहीत.
मी यादी करायला घेतली काय काय गेलं त्याची.
दोन पानं झाली, मग पेन ठेवलं.

बावन्नाव्या मिनिटाला
शेवंता मधली रेघ ओलांडते, त्याच्या आधी
मी बारा फ्रेम काळं ठेवलं होतं.
अर्धा सेकंद. तिचा दम धरलेला.
दिग्दर्शकाशी त्यावरून भांडले होते,
तो म्हणे, ही चूक वाटेल.
ते आलं होतं.
बारा. मोजले. पुन्हा मोजले.
जिथे काहीच नव्हतं
तेवढंच जसंच्या तसं आलं.

अलिफिया म्हणाली, ताई, इथे गॅप राहिलाय, भरू?
नको, म्हटलं. चेहऱ्याकडे बघ.

नवं मशीन आपलंआपण सेव्ह करतं.
जुनं दगा द्यायचं, दर दोन मिनिटांनी
डाव्या हाताची दोन बोटं तिकडे जायची.
अजून जातात.
गरज नाही, हे बोटांना सांगितलंय.
गल्लीच्या तोंडाशी देऊळ असतं,
बसमधून जाताना माणूस छातीला हात लावतो,
देऊळ पुलाच्या कामात हलवलंय
तरी.

सर, याला पण वास नाही.
गरम झालं की थोडा धुळीचा येतो, बस.