चार बोटं

चार बोल्ट. त्यातले तीन सुटले
ऊन शटरवर यायच्या आत.
चौथा डाव्या कोपऱ्यात, चेसिसला चिकटलेला.
बोल्ट कुठं संपतो, लोखंड कुठं सुरू होतं
हे त्यालाही सांगता आलं नसतं.

रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेल पाजलं.
आधी थोपटलं, मग ठोकलं,
मग पान्याला पाइप जोडून लोंबकळले.
पाना सटकला, बोटाचं सालटं गेलं,
बोल्ट तसाच.

दस्तगीर स्टुलावरून उठलासुद्धा नाही.
"श्यामलाताई, त्याला समजावायचं वय गेलं.
कापू या."
ग्राइंडरच्या ठिणग्या अक्कलकोट रोडच्या धुळीत
पडत राहिल्या, विझत राहिल्या,
आणि सव्वीस वर्षं मागं मागं आलेलं ते
एकदाच आवाज करून खाली बसलं.

तसं आम्ही काढलं नसतं.
पण पासिंगला साहेबांनी बंपर बोटानं दाबला
आणि बोट आत गेलं.
त्यांनी बोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
मग कागद परत दिले.

आता तो जमिनीवर उताणा.
उजवीकडचा पोचा माझा.
एमआयडीसीत रिव्हर्स शिकताना
कारखान्याचं गेट लागलं होतं.
वडील उतरले, बघितलं, एवढंच म्हणाले,
"गेट जागचं हललं नव्हतं ना?"

पेंटरनं लिहिलं होतं 'सावकाश'.
पहिली दोन अक्षरं गंजानं नेली.
दस्तगीरनं वाचलं, "काश!"
आणि एवढा हसला
की गॉगल कपाळावर सारून डोळे पुसावे लागले.

भंगारवाला अंदाजानं म्हणाला, अकरा किलो.
काट्यावर साडेनऊ भरलं.

बरोबर मध्ये मात्र वीतभर जागा
गंजलेली नाही.
भांड्याच्या बुडासारखी घासलेली, लख्ख.
तिथं कधी काही धडकलं नव्हतं.
तिथं यल्लप्पाचा उजवा पाय पडायचा,
टॉवेलची गाठ पाठीवर, आकडा हातात,
एक पाय बंपरवर, दुसरा फाळक्यावर,
दिवसाला चाळीस वेळा, दिवाळीआधी साठ.

नवा चॅनल दस्तगीरनं वाकवून ठेवलेला.
खालची भोकं सडलेली, म्हणून चार बोटं वर पाडली.
काळा रंग मारला.
मागं सरून बघितलं, गाडी एकदम तरुण दिसली,
म्हाताऱ्यानं नवी कवळी लावावी तशी,
थोडी परकी.

यल्लप्पा तीन वाजता आला.
पाठीवर गाठ घेतली, पाय उचलला.
पाय हवेत थांबला.
तिथं बंपर नव्हता. जिथं होता
तिथंवर गुडघा जात नव्हता.
त्यानं पाय खाली ठेवला, डावा उचलून बघितला,
तोही ठेवला.
गाठ पाठीवरच. घाम हनुवटीवरून ठिबकत होता.

"इरली बिडव्वा," तो म्हणाला.
"नवा आहे. ओळख व्हायला वेळ लागतो."

ट्रान्सपोर्टची गाडी सहाला सुटायची होती.
मी गाठ उतरवून घेतली, पाना उचलला.
नव्या बोल्टांना ग्रीस होतं,
ते नुसत्या बोटांनी निघाले.
दस्तगीर ओरडला, "अहो, रंग ओला आहे! लेव्हल जाईल!"
मग स्वतःच ड्रिल घेऊन आला,
सडलेल्या जागी पट्टी मारली,
भोकं चार बोटं खाली पाडली.
मजुरीचं काही बोलला नाही. मीही विचारलं नाही,
त्यानं पुढच्या आठवड्यात विचारलंच.

साडेपाचला शेवटची गाठ चढली.
सहाची गाडी आम्हाला सव्वासहाला मिळाली,
तिचाही एक बोल्ट कुठंतरी अडकला असावा.

परवा पुन्हा पासिंग आहे.
साहेब वाकून बघतील, बोटानं दाबतील,
बोट बाहेरच राहील.
मग विचारतील, एवढा नवा रंग
आणि मध्येच हे काय?

पाच बोटं, टाच,
टाचेच्या भेगांसकट.