पाव इंच समुद्र

डॉक्टर हेबळेबाईंनी रिक्षात आडवं घालून आणलं ते,
चादरीत गुंडाळलेलं, अर्धं बाहेर.
चार फूट बाय अडीच.
काळा कातळ, त्यावर फुटणारी लाट,
आणि आधीच्या लाटेचं पाणी
भेगाभेगांतून माघारी धावताना.
म्हणाल्या, दवाखान्यात लावायचंय. काच टाका.
म्हटलं, तैलरंगाला काच घालत नाहीत, बाई,
त्याला श्वास लागतो.
म्हणाल्या, मुलं बोटं लावतात हो.

चेंदणीत माझं दुकान. दोन गल्ल्यांपलीकडे खाडी,
पण तिचा आवाज मी कधी ऐकलेला नाही.
आमच्याकडे पाणी येतं
उसने मागायला आलेल्या पाहुण्यासारखं,
चिखलावरून, विषय न काढता,
आणि बघावं तर तिवरांच्या गुडघ्याला.

चित्र भिंतीला टेकवून पट्टी शोधत होतो
तेव्हा चांगुणा नाखवा आत आली,
नातवाचा दहावीचा फोटो न्यायला.
टोपली खाली ठेवली तिने,
आणि फोटो राहिला बाजूलाच.

"सुकती हाय," म्हणाली.
कशावरून? लाट तर अंगावर येतेय.
तिने बोटाने, न टेकवता, दाखवलं
कातळावरची ओली रेघ कुठवर
आणि लाट कुठवर.
चांगली दोन हात खाली.
"पानी उतरतंय. लाट नुसती वरडतेय."

मग वाकली. रेघेखाली करडे ठिपके,
मी त्यांना रंगाचा खरखरीतपणा समजत होतो.
"कालवां हायेत ही. कुनी काढलीच नाय."
तिचा अंगठा आपोआप वळला
कोयतीची मूठ धरल्यासारखा.
आपल्या खाडीत शेवटची कधी काढलीस,
हे मी विचारलं नाही.
ती चित्राच्या खालच्या कडेकडे बघत होती.
"यो मानूस पान्यात उभा व्हता.
गुडघ्यापत्तोर. घरात बसून नाय काढलेलं."

ती गेल्यावर मी माप घेतलं.
पट्टीच्या खाचेत चारी बाजूंनी
पाव पाव इंच चित्र जातं, हा धंद्याचा नियम.
कोणी विचारत नाही.
देवांच्या पायांची बोटं गेलीत, नवरदेवांचे तुरे गेलेत,
बावीस वर्षांत एकाने तक्रार केली नाही.
खालच्या पाव इंचात
चित्रकाराच्या पायाशी आलेलं उथळ पाणी होतं,
हिरवट, तळाची वाळू दिसणारं,
आणि सात कालवं. मोजली.

शेवटी पेटीसारखी चौकट केली,
चित्र आत मोकळं, चारी बाजूंना फट.
सागवान जास्त लागलं. रात्रीचे दहा वाजले.

बाई आल्या. म्हणाल्या, मधे ही जागा का सोडली?
ओहोटी आहे, म्हटलं.
त्या बिलावर शोधू लागल्या, कुठे लिहिलंय ते.

नातवाचा फोटो मात्र चांगुणाबाई विसरली ती विसरलीच.
भिंतीला टेकवून ठेवलाय, त्याच जागी,
टक्के सत्त्याहत्तर, केस तेल लावून चापून बसवलेले.
त्याच्या फ्रेमच्या कडेला बघतोय मी आज सकाळपासून,
काय कापलं गेलं असेल.