एकशे नऊ

पावणेतीनला विलास रानवडे बहिणीला घेऊन आला
स्वतःच्याच रिक्षातून. मीटर चालूच राहिलेला.
कॅज्युअल्टीत तिला सगळे ओळखतात.
वॉचमन म्हणाला, "आली पानशेतवाली."

कुमुद रानवडे, वय बासष्ट.
फाइल माझ्या नोकरीपेक्षा जुनी, सुतळीने बांधलेली.
तिच्या डोक्यात धरण फुटतं.
एकसष्ट साली ती चार वर्षांची होती,
नारायण पेठेत, माळ्यावर, पितळी डब्यांच्या मागे,
आणि जिना चढून आलेलं पाणी
अजून उतरलेलं नाही.
एवढाच तिचा आजार,
किंवा एवढंच आम्ही लिहून ठेवलंय.

"पाणी शिरलंय, डॉक्टर," ती म्हणाली,
"कानाच्या वर आलंय. आतून ढकलतंय."
आणि ओकली थोडंसं, माझ्या बुटांजवळ.

मी फॉर्म ओढला. त्यावर छापील ओळ आहे:
शारीरिक तपासणीत काही आढळले नाही,
मानसोपचार विभागाकडे पाठवण्यास हरकत नाही.
पहाटे तीनला हरकत कुणाची असते?
पलीकडच्या कॉटवर कात्रज घाटातला अपघात,
एकाचे श्वास मोजावे लागत होते.
नाडी पाहिली. बीपी पाहिलं.
बोटाला टोचून साखर पाहिली, बरी होती.
माझं आडनाव निम्मं लिहून झालं होतं.

सिस्टर घुले म्हणाल्या, "मॅडम, हिच्या चपला बघा."
एक दाराशी पडलेली. एक पायात, तीही उलट्या.
"बरं, मग?"
"बावीस वर्षं बघतेय हिला.
धरण फुटो नाहीतर काही होवो,
चपला जोडून ठेवते ही स्टुलाखाली.
वाहून जाऊ नयेत म्हणून."

पेन ठेवलं.
"कुमुदताई, पानशेत कुठल्या साली फुटलं?"
तारीख, वार, कुठल्या घराची कुठली भिंत आधी बसली,
हे सगळं न विचारता सांगणारी बाई
छताकडे बघत राहिली.
तिला साल सापडेना.

विलासने सीटखालून गोळ्यांची पट्टी आणली.
आमच्याच ओपीडीची.
दीड महिन्यापूर्वी दुप्पट केलेली,
ओरडू नये म्हणून.

रक्त गेलं. रिपोर्ट इंटर्नने दोनदा वाचला.
सोडियम एकशे नऊ.
माणसाला एकशे पस्तीस तरी लागतं.
मीठ घटलं की पाणी पेशींत घुसतं,
मेंदू फुगतो, आणि कवटी काही सरकून जागा देत नाही.
म्हणजे कानाच्या वर.
म्हणजे आतून ढकलतंय.
माझ्या प्रोफेसरांनी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मीठ परत द्यायचं तेही मोजून,
खडकवासल्यातून सोडतात तसं;
घाई केली तर मेंदू
दुसऱ्याच तऱ्हेने मोडतो.
आयसीयूत बेड नव्हता, मग होता.
मधल्या तासात फोनवर मी काय बोलले
ते इथे लिहीत नाही.

गेल्या वर्षी हडपसरचा एक मुलगा होता,
तापात बडबडणारा. सगळे म्हणाले, वेडाचा झटका.
येरवड्याला पाठवला.
त्या फॉर्मवर आडनाव पूर्ण लिहिलेलं आहे.
सिस्टर त्याचा विषय काढत नाहीत.
त्या रात्रीही काढला नाही,
नुसता निम्म्या सहीचा कागद
माझ्या हातून घेतला आणि चुरगाळला.

चौथ्या दिवशी वॉर्डात गेले. एकशे एकतीस.
चपला स्टुलाखाली, टाचेला टाच.
"बुधवार होता," ती म्हणाली, मी काही विचारायच्या आत.
"पाणी आहे अजून. पण माळ्याच्या खाली आहे आता.
तुमच्या घरात शिरलं होतं का?"
म्हटलं, आम्ही तेव्हा पुण्यात नव्हतो.
"मग तुम्हाला काय कळणार,"
असं म्हणून तिने कूस बदलली.