पंचेचाळीस दात

पाटी रंगवणाऱ्या इस्तारीने ब्रश दातात धरून विचारलं,
"परफॉर्मन्स म्हंजे काय गड्या? दंडारीचं हाय काय?"
मी म्हणालो, गाडी पळते त्याहून जास्त पळवणं.
त्याने मान हलवली. जागा कमी पडली.
शेवटचा स पत्र्याच्या कडेला उभा आहे
एसटीच्या दारात लटकल्यासारखा.

धामणगाव गढीच्या फाट्यावर
संत्र्याच्या क्रेटचं हे जुनं गोदाम,
भिंतींना अजून सालीचा वास.
एक व्हाइस, हप्त्यावरचा कॉम्प्रेसर,
आणि युनूस मिस्त्रींनी निघताना दिलेला
खोकल्याच्या गोळ्यांचा डबा, आत कार्बोरेटरचे जेट,
पितळेचे मणी, पोटात केसाएवढं भोक,
शंभर, एकशे पाच, एकशे दहा.
"आकडा वाच, पण मान कानाचं," एवढंच बोलले.
चार वर्षं परतवाड्याला त्यांच्या हाताखाली होतो.
पगार सोडून त्यांनी मला सगळं दिलं.

बँकेतल्या साहेबाने फॉर्मवर बोट ठेवलं,
दुरुस्ती, विक्री, इतर.
मी इतरवर खूण केली.
"जे गाडी बिघडलीच नाई, ते लोक तुह्याकडं कायले आणतीन?"
प्रश्न बरोबर होता.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो येतो,
टायरच्या ढिगावर बसून राहतो.

पहिल्या महिन्यात सतरा पंक्चर,
तीन फवारणीचे पंप,
शाळेच्या घंटेची निखळलेली कडी,
आणि एक पोरगा, त्याला फक्त आवाज पाहिजे होता,
"असा कर सायलेन्सर का अख्खं बसस्टँड मागं पाहीन."
आवाज म्हणजे वेग नव्हे, हे समजावत बसलो.
तो पुढच्या दुकानात गेला.

मागे ताडपत्रीखाली माझी जुनी टू-स्ट्रोक.
शटर ओढून रात्री तिचे पोर्ट घासतो,
धूर जातो ती वाट आरशासारखी,
पेट्रोल येतं ती मांजराच्या जिभेइतकी खरखरीत.
आईला वाटतं, मी हिशेब करतो.

मग सोमाजी येवले आले.
पहाटे चिखलदऱ्याकडून खवा घेऊन उतरणारे.
"तुह्याकडं गाडी जोरदार करून भेटते म्हंतेत."
मी खुललो. किती पळवायची काका?
"पळवाची नाई बाप्पा. चढवाची हाय."
परतीला सरकीच्या ढेपेची दोन पोती,
आठवड्यातून एकदा बायको.
तिसऱ्या वळणावर गाडी दम टाकते,
आधी बायको उतरते, मग एक पोतं.
"ते म्हंते, गाडी राहू द्या, मीच नेतो समदं डोक्यावर."

हातावर पेनाने आकडे मांडले.
मागचं चाक बेचाळीस दातांचं.
पंचेचाळीस लावले तर ओढ वाढेल,
पळणं घटेल,
पाटीच्या नेमकं उलटं.
युनूस मिस्त्रींना फोन केला.
ते हसले की खोकले, कळलं नाही.

अमरावतीहून स्प्रॉकेट आलं. साखळी वाढवली.
फेरी मारून प्लग काढून पाहिला,
दूध जास्त झालेल्या चहाचा रंग. हाच.
मग पोती बांधली, बायकोच्या जागी मी बसलो.

तिसऱ्या वळणावर दोघंही गप्प.
इंजिनाचा आवाज जाड झाला,
चिखलातून निघणाऱ्या म्हशीसारखी गाडीने मान खाली घातली
आणि गेली.
चौथं वळण. पाचवं.
सोमाजींनी मागे वळून पाहिलं नाही,
फक्त आरसा थोडा तिरपा केला,
त्यात मला माझेच दात दिसले.

पैसे अर्धे मिळाले.
उरलेल्याचा खवा, पळसाच्या पानात.

काल रात्री माझी गाडी काढली,
फाट्यापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत सरळ रस्ता,
घड्याळ टाकीला बांधलेलं.
मागच्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद कमी.
अर्धा सेकंद! ओरडावंसं वाटलं,
ऐकायला एक टिटवी होती, ती आधीच ओरडत होती.

सकाळी शटर वर केलं तर
दारात तीन गवळी, ढेपेच्या पोत्यांसकट,
आणि एक पंक्चर.